विमलाबाईंची रिकामी खोली

पेणकरपाड्यात कुणी अंथरुणाला खिळलं की विमलाबाई म्हात्र्यांना निरोप जातो. व्हीलचेअर, वॉकर, डोक्याकडून वर उचलणारी खाट, जे लागेल ते त्या देतात, तेही फुकट. अनामत नाही, चिठ्ठीचपाटी नाही. काम झालं की वस्तू परत आणायची, आणि रिकामी आणायची नाही, हा तिथला शिरस्ता. वॉकरला नारळ बांधून येतो, खुर्चीवर मूठभर तांदूळ येतात. माणूस गेला असेल तर वस्तू नुसतीच येते. मग विमलाबाई काही विचारत नाहीत. धुतात आणि उन्हात ठेवतात.

हे सुरू झालं त्यांच्या नवऱ्यापासून. धाकू म्हात्रे, जन्म मिठागरात घालवलेला दणकट गडी, शेवटचे चार महिने जमिनीवर पडून होता. पाठीला जखमा झाल्या. भावाभावांच्या ‘बघू, करू’मध्ये खाट आली ती तेराव्याला. विमलाबाईंनी ती दारातूनच शेजारच्या आजाऱ्याकडे पाठवली. त्याला अकरा वर्षं झाली.

यंदा मीरा रोडच्या एका कॉलेजला जुन्या विद्यार्थ्याने दोन लाख रुपये दिले. कुठल्या संस्थेला द्यायचे ते मुलांनीच ठरवायचं, एवढीच अट. नऊ जणांची समिती झाली. जाऊन बघायचं, दहापैकी मार्क द्यायचे आणि शेवटी सगळ्यांचं एकमत होईपर्यंत उठायचं नाही. विमलाबाईंच्या नावाचा अर्ज त्यांच्या सुनेने, दिव्याने, परस्परच भरून टाकला.

"आई, शनिवारी पोरं बघायला येनार. दोन दिवस सामान मागवून घेऊ या का? खोली भरलेली दिसंल."

"मागवू? कोनाच्या अंगाखालची खाट वढून आनू, सांग!" विमलाबाई अशा कडाडल्या की दिव्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

तर शनिवारी पोरं आली. पूनम सागर सोसायटीत राहणारी ऋतिका, हातात छापील तक्ता, आणि तिच्याबरोबर मितेश. खोलीत बघतात तर काय, चार भिंती आणि कोपऱ्यात एक मोडका वॉकर.

"सामान कुठंय आजी?"

"लोकांकडं."

"मग त्यांची लिस्ट द्या."

"लिस्ट न्हाय. कोनाचं दुखनं कोनाला सांगत न्हाय मी."

ऋतिकाने दोन मार्क दिले. आदल्या दिवशी दुसऱ्या एका संस्थेत बारा व्हीलचेअर ओळीने मांडलेल्या होत्या, वरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. तिथे नऊ दिले होते. पोरीला नावं ठेवायची घाई नको. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

विमलाबाईंनी तक्त्यावरचा आकडा बघितला. "दोन मिन्टांत काय कलतंय तुला? उद्या ये. बस माझ्या वट्यावर दिवसभर."

ऋतिकाही काही कमी नव्हती. रविवारी सकाळी नऊला ती ओट्यावर हजर.

त्या दिवशी तिघं आली. एकाला वॉकर हवा होता, एकीला व्हीलचेअर. दोघांनाही विमलाबाईंनी हात जोडून परत पाठवलं. तिसरा राघो, नळदुरुस्तीची कामं करणारा. त्याची आई खुब्याचं हाड मोडून जमिनीवर पडली होती आणि पाठ लाल व्हायला लागली होती.

"खाट मिळेल का मावशी?"

"न्हाय रं बाबा. दोनी बाहेर हायत." विमलाबाईंनी उशी घेतली, म्हातारीला दर दोन तासांनी कुशीवर कसं वळवायचं ते हाताने करून दाखवलं. तो गेल्यावर त्यांनी उशी जागेवर ठेवली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवलेही नाहीत. ऋतिकाने खाली मान घालून तक्ता पिशवीत कोंबला.

सोमवारी समिती बसली ती साडेतीन तास. आत काय झालं ते विमलाबाईंना नंतर मितेशनेच सांगितलं, जरा ओशाळून. तोच अडून बसला होता. लिस्ट नाही, फोटो नाही, उद्या कोणी विचारलं तर तोंड कुठे लपवायचं?

ऋतिका म्हणाली, "माझे मार्क चुकले. जिथे सामान पडून आहे तिथे मी नऊ दिले आणि जिथे एक खुर्ची घरी टिकत नाही तिथे दोन. पुरावा पाहिजे तर येत्या रविवारी तू बस त्या ओट्यावर."

"आणि तोवर?"

"तोवर राघोची आई जमिनीवर."

मग मितेशनेच तोड काढली: रोख द्यायची नाही, कॉलेजच्या नावाने सामान घ्यायचं आणि विमलाबाईंच्या दारात पोचवायचं. नऊच्या नऊ हात वर झाले.

पण दुकानदाराचे ‘उद्या देतो’ काही संपेनात. खाटा आल्या अकराव्या दिवशी. टेम्पो दारात लागला, मुलं बॅनर बांधायला लागली, ड्रायव्हर दोर सोडायला लागला.

"थांब. उतरवू नको," म्हणत विमलाबाईंनी फोन लावला. घंटा वाजत राहिली. ऋतिका त्यांच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी राघोने उचलला.

"राघो, म्हातारी हाय ना रं?"

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला.

"आहे मावशी. हे बघा ना, चहात साखर कमी म्हणून कप भिरकावलाय."

विमलाबाईंनी ड्रायव्हरला दोर पुन्हा बांधायची खूण केली.

"भिरकावू दे," त्या म्हणाल्या. "तू जागा कर. खाट येतेय."