रंग रक्तात असलेलं घराणं

मंचरच्या पेठेत जिनेशचं कापडाचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा मोठा त्याचा तोरा. "चार पिढ्या कापडात आहोत. रंग आमच्या रक्तातच आहे," हे ऐकवल्याशिवाय तो साडीची घडी मोडायचा नाही. त्याची बायको हर्षा आणे पठारावरची. ब्याण्णव साली लग्न झालं तेव्हापासून तिचे कान किटले होते. एकदा महाळुंगे पडवळच्या लंकाबाईंनी हिरवी साडी मागितली, तर ह्याने तपकिरी पुढ्यात टाकली. त्या कुरकुरल्या, तर म्हणाला, "डोळे तपासून घ्या, मावशी."

दोन हजार चारमध्ये त्यांची टीना पाचवीत होती. चित्रकलेच्या बाईंची चिठ्ठी आली: मुलगी झाडांची पानं तपकिरी रंगवते, डोळे दाखवा. हर्षाच्या सासूबाई गुलाबबाईंना तेवढंच हवं होतं.

"आमच्यात असलं कुणालाच न्हाई. पठारावरचं खडकाळ बी, दुसरं काय!"

जिनेशने मान डोलावली. त्याला तेवढंच छान जमायचं.

जुन्नरच्या डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांत आकडे दडवलेलं पुस्तक टीनापुढे धरलं. तिला आकडे दिसेनात. डॉक्टर म्हणाले, "लाल-हिरव्यातला फरक तिला कळत नाही. ह्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलीला एक एक्स आईकडून मिळतं, एक वडिलांकडून. दोन्हीकडून दोष आला तरच मुलीला हे होतं." मग पुस्तक जिनेशकडे वळवलं. "हा आकडा वाचा."

जिनेशने पुस्तक आडवं केलं, उभं केलं, खिडकीशी नेलं.

"आकडाच नाही, डॉक्टर. छपाई खराब आहे."

हर्षाला पाचाचा आकडा ढळढळीत दिसत होता. दुकानातला म्हातारा जानकू प्रत्येक साडी देताना "ही लाल, मालक, ही मोरपंखी" असं का ओरडतो, ते आत्ता तिला उमगलं. बारा वर्षं ह्या माणसाच्या पारखीपुढे तिने मान खाली घातली होती! तिला हसू आलं, आणि त्यामागोमाग किळस.

"आणि ह्यांना कुणाकडून आलं?" तिने विचारलं.

"मुलाला एकच एक्स असतं. ते आईचंच."

घरी गुलाबबाई दारातच उभ्या होत्या. "निघाला ना माहेरचा डाग?"

"अर्धा निघाला, बाई. अर्धा ह्यांचा. आणि ह्यांचा तुमच्याकडून आलाय."

"डॉक्टर येडा हाय!" म्हणून त्या ताडकन आत गेल्या. पण पठाराचं नाव त्यांच्या तोंडून पुन्हा निघालं नाही.

हर्षाने टीनाच्या प्रत्येक खडूवर रंगाचं नाव लिहून चिकटवलं. स्वतः दुकानात बसायला लागली आणि साड्या दाखवायचं काम तिने हातात घेतलं. गिऱ्हाईक वाढलं. जिनेश कोपऱ्यात पेपर वाचत बसायचा. कुणी विचारलंच, तर पेपरातून डोकं वर न काढता सांगायचा, "तिला मीच तयार केलं."