सोमवारचा नेम

हसायचं तर हसून घ्या, पण हातातला चहा सांडू नका. माझी अशी फजिती पुन्हा कधी झाली नाही, आणि आजवर मी ती कुणाला सांगितलीही नाही!

लढाईचे दिवस होते. मी नगरात शाळामास्तर. शेजारचे अण्णा वकील एकदा म्हणाले, "मास्तर, श्रद्धा काही विचारून कळत नसते. विचारलं की माणूस सोयीचं तेच सांगतो."

झालं! मी इरेला पेटलो. "खेड्यातला माणूस खोटं बोलत नाही, अण्णा. पाहणी करून लेखी पुरावा आणतो!"

तीन प्रश्न काढले. घरात पुरुष किती, वयं काय? आपला काही नेम आहे का? आपण खोटं बोलता का? नेम म्हणजे पूजा, उपास, प्रार्थना, देवासाठी न चुकता करायचं ते. एवढं कुणाला कळणार नाही?

सोमवारी जवळच्या एका खेड्यात जायला सायकल काढली. ऊन मी म्हणत होतं, म्हणून खाकी अर्धी विजार घातली आणि डोक्यावर हॅट. ही विजार लक्षात ठेवा बरं का!

पहिल्याच ओट्यावर गोंदाजी भेटले. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. नाव, वय लिहून विचारलं, "तुमचा काही नेम?"

ते दचकले. "माजा? न्हाई बा. अजाबात न्हाई."

"पूर्वी तरी?"

"तवाबी नव्हता. आमच्या घरान्यातच कुनाचा न्हाई!"

पुढे ख्रिस्ती वस्तीतले योहानमास्तर, काखेत बायबल. यांचा तर असणारच!

"छे हो," ते चष्मा पुसत म्हणाले, "आता हात कापतो माझा."

प्रार्थनेला हात कापला म्हणून काय बिघडतं? पण मी लिहिलं, नेम नाही.

"खोटं बोलता का?" याला मात्र सगळे ठणकावून "न्हाई" म्हणत. दुपारपर्यंत सगळं गाव नास्तिक निघालं, आणि वर खरं बोलणारं! दुसरा कुणी परत फिरला असता. मी एक घर सोडलं नाही. एवढं मात्र खटकलं, की गावात तरणा पोरगा औषधालासुद्धा दिसेना.

शेवटचं घर सखूबाईंचं. नवरा वारलेला, एकच मुलगा, रामा.

"रामाचा काही नेम?"

"न्हाई रं बाबा. देवाची आन, न्हाई!"

देवाची शपथ घेऊन देव नाकारणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो. तेही लिहून घेतलं आणि सायकलवर टांग टाकली.

वेशीपाशी मागून हाक आली. "सायेब, थांबा!" सखूबाई धापा टाकत आल्या, डोळ्यांत पाणी.

"मी खोटं बोलले. सोमवारी खोटं बोलायचं न्हाई, असा माजा नेम हाय. रामाचा नेम लई चांगला हाय, सायेब. गोफनीनं उडतं पाखरू पाडतो. पन एकुलता एक हाय वो! त्याला लढाईवर नगा नेऊ!"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. खाकी विजार, पुरुषांची वयं, आणि वर नेम! अख्खं गाव मला भरतीचा साहेब समजलं होतं, आणि तरणी पोरं ज्वारीत लपली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, रामाला कुणी नेत नाही. मी शाळामास्तर. लोक देव मानतात का, खरं बोलतात का, एवढंच बघायला आलो होतो."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मला खालून वर न्याहाळलं. "आन् मास्तर, तुमचा नेम कंचा?"

"खरं बोलायचं!" मी छाती काढून म्हणालो.

घरी पोचलो तर अण्णा दारातच. "काय म्हणतं गाव?"

हरायचं नाही, हे तर मी आधीच ठरवलं होतं.

"एकजात धार्मिक, अण्णा! प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं."

"कागद बघू?"

"वाऱ्याने उडाले हो!"

अण्णा नुसते माझ्या विजारीच्या खिशाकडे बघत राहिले. कागदांची सुरळी त्यातून वीतभर वर आली होती.

सखूबाईंनी पोराचा जीव पणाला लावून सोमवार पाळला. माझा नेम वेशीपासून घरापर्यंतसुद्धा टिकला नाही!