काकाजींनी टेप केलेली शांतता

भुताखेतांच्या गोष्टी कुणी काढल्या की मी सरळ हसते. मुलींच्या कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवलंय... त्यामुळे हे वाचून माझ्या विद्यार्थिनी काय म्हणायचं ते म्हणोत!

मध्य प्रदेश राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. लग्न होऊन मी इंदूरला आले. सियागंजच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर घर. घरात माझे यजमान, त्यांचे काकाजी आणि काकू. काकाजींचे वडील राजाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. काकाजी वीज ऑफिसात नोकरी करायचे आणि उरलेल्या वेळात संगीत कापायचे. हो, कापायचेच! मुंबईहून आणलेला सेकंडहँड टेपरेकॉर्डर, दाढीचं ब्लेड आणि चिकटपट्टी. हातगाड्यांचा खडखडाट, लोखंडी पत्रे, मिलचा भोंगा — सगळं टेप करायचं आणि तुकडे उलटसुलट जोडून रचना करायची. नातेवाईक इंदुरी हिंदीत म्हणत, "भिया, इससे तो बँड अच्छा था."

पण मी आले तेव्हा ते सगळं बंद होतं. माझ्या लग्नाआधीच काकूंना लकवा झाला होता. हातपाय सुधारले, वाचा मात्र गेली ती गेली. मी त्यांचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. काकाजी म्हणायचे, "घरातलाच सूर गेला, बाहेरचे काय जोडू?"

मी फारच मागे लागले तेव्हा एका दुपारी त्यांनी मशीन काढलं. त्यांची एक पद्धत होती — काम सुरू करताना आधी रिकाम्या खोलीची शांतता टेप करायची. दोन आवाजांमध्ये नुसती कोरी टेप जोडली तर ते कानाला खटकतं, म्हणून. काकाजी, काकू आणि मी, तिघं दाराबाहेर थांबलो. मग आत येऊन टेप लावली... तर त्या शांततेत अगदी पुसट, अडखळत एक बाई बोलली —

"वं... वंदना, चहात साखर कोण घालणार?" आणि मागून भोंगा.

काकाजींनी वळून काकूंकडे पाहिलं. "ये तो हिची आवाज है!"

वंदना म्हणजे मी. जुनी टेप म्हणावी, तर जुन्या टेपवर माझं नाव कुठून येणार?

मी आपलं शास्त्र पुढे केलं. "काकाजी, प्रिंट-थ्रू असेल." रिळावर टेपचे थर एकमेकांना चिकटून असतात. एका थरावरच्या मोठ्या आवाजाची छाप शेजारच्या थरावर पडते, म्हणून कधी कधी खरा आवाज येण्याआधीच तो पुसट ऐकू येतो. हे काकाजींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"मग खरा आवाज पुढच्या फेऱ्यात पाहिजे," ते म्हणाले.

"पुढे तर टेप कोरी आहे, काकाजी."

"कोरी म्हणजे अजून भरायची बाकी आहे, बेटा."

टेपवर मागे भोंगा होता, म्हणून तेव्हापासून रोज दुपारच्या भोंग्याच्या वेळी माइक काकूंसमोर. काकाजी रीळ सुरू करायचे आणि चहा पिता पिता त्यांना चिडवायचे, "बोल ना भागवान, टेप वाया चाललीय!" भोंगा वाजून जायचा. दुसऱ्या दिवशी त्याच कोऱ्या तुकड्यावर पुन्हा. यजमान म्हणायचे, "काकाजी सटक गए." माझा तर जीव तुटायचा. पण काकूंचे ओठ हलायला लागले होते, हेही खरं.

पावसाळा गेला, संक्रांत आली. तिळगुळाच्या गडबडीत मी घाईघाईने कप पुढे केला. काकूंनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं...

"वं... वंदना, चहात साखर कोण घालणार?"

बाहेर भोंगा वाजला. रीळ फिरत होतं.

मी हमसून हमसून रडले. काकाजी डोळे पुसत ब्लेड शोधत होते.

त्यांनी तो तुकडा त्या शांततेच्या पुढे जोडला. तीच त्यांची सगळ्यात सुंदर रचना. इंदूरलाच, राजेंद्र नगरच्या माझ्या आताच्या घरी ते रीळ अजून आहे. आधी पुसट आवाज, मग खरा. कुणीही जाणकार ऐकून म्हणेल, साधं प्रिंट-थ्रू. मीही म्हटलं असतं. पण दोन्हींच्या मध्ये अख्खा पावसाळा गेला होता, आणि त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

काकू मात्र पुढे कितीतरी वर्षं बोलत राहिल्या. हा विषय निघाला की हसून म्हणायच्या, "त्यात काय मोठं? तू साखर विसरणार, हे तर कुणालाही आधीच कळलं असतं!"