आईने पाहिलेली चर्चं

माझ्या आईला चर्चं बघायची हौस होती. गोव्यातल्या पेडण्याकडच्या कोरगावातल्या शेतकऱ्याच्या घरातली बाई, देवघरातल्या दिव्यापासून ग्रामदेवतेच्या जत्रेपर्यंत सगळं यथासांग करणारी, पण बसमधून जाताना रस्त्याकडेला पांढरं चर्च दिसलं की मान वळवून ते नाहीसं होईपर्यंत बघत राहायची. वडील म्हणायचे, "तुझी मान खंयतरी अडकात." तिच्यावर काही परिणाम व्हायचा नाही.

या हौसेची सुरुवात माझ्यापासून झाली, असं ती सांगायची. मी तान्ही असताना फार आजारी पडले होते. तेव्हा कुणीतरी तिला म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीला, तिथल्या देवीमातेला, तेलाचा नवस बोलायला सांगितलं. आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे की या देवी म्हणजे सात बहिणी. शिरगावची लईराई ही त्यांतली एक, आणि मिलाग्रिस ही दुसरी, जी क्रिस्तांव झाली. बहीण घर बदलून गेली म्हणून नातं तुटतं थोडंच, अशा हिशेबाने दोन्हीकडची माणसं फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, तेलाच्या बाटल्या घेऊन रांगेत उभी राहतात. मी बरी झाले. आईचा नवस एका बाटलीत फिटला होता. ती मात्र दर वर्षी जातच राहिली.

फेस्त येतं नेमकं काजूच्या हंगामात. बोंडू गोळा करायचे, तुडवायचे, फेणीची भट्टी पेटलेली, आणि घरची बाई म्हापशाला. वडील दर वर्षी कुरकुरायचे आणि दर वर्षी पहाटे तिला बसवर पोचवायचे. ते स्वतः कधी आले नाहीत. "रांगेत उभो रवान तेल घालूचां म्हणजे बायलांचां काम," हे त्यांचं कारण.

मी तेव्हा डिचोलीला मराठी शाळेत शिकवत होते. लग्न होऊन तिथेच राहिले होते. फेस्त बहुतेक मेच्या सुट्टीत यायचं, म्हणून मी डिचोलीहून निघायचे, आई कोरगावहून, आणि म्हापशाच्या बसस्टँडवर आम्ही भेटायचो. माझ्या साडीवर वाटेतल्या खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ असायची. भेटल्यावर आई आधी ती झटकायची, मग बोलायला लागायची.

मी सांगणार आहे ते फेस्त गोवा घटक राज्य व्हायच्या थोडं आधीचं. कोकणी राजभाषा झाली होती, आणि तो सगळा हिवाळा गोव्यात भाषेवरून रान पेटलं होतं. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही माणसं दोन टेबलांवर वेगळी बसायला लागली होती. रांगेतसुद्धा तोच विषय. आमच्या पुढे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी आईला मागे वळून विचारलंच, "तुमी मराठीवाले काय कोकणीवाले?"

आई म्हणाली, "आमी पेडण्याचे."

गृहस्थ हसले. "तशें न्हय. बोलतात कितें?"

"आता बोलतंय तांच," आई म्हणाली. "तुमका समाजता मां?"

"समजता."

"मगे झालां."

आजूबाजूची माणसं हसली, तेही हसले, आणि रांग पुढे सरकली. ऊन चांगलंच चढलं होतं. आईने सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, कारण सायबिणीला तेल घातल्याशिवाय ती खायची नाही. चर्चच्या दारापर्यंत पोचलो आणि ती माझ्या खांद्यावर कलंडली. मी तिला सावरलं, पण हातातली बाटली सुटली. काच फुटली, तेल पायऱ्यांवर पसरलं, आणि आई त्याच्या शेजारी खाली बसली. तोंडाचा रंग उडाला होता.

आमच्यामागे छत्री धरून उभी असलेली एक बाई पुढे आली. फुलाफुलांचा झगा, केस मागे बांधलेले, आईपेक्षा थोडी लहान. तिने छत्री माझ्या हातात दिली, स्वतः आईच्या काखेत हात घातला आणि म्हणाली, "चल बाये, म्हजें घर हांगाच आसा." तिचा रांगेतला नंबर गेला, आणि तिने त्याकडे पाहिलंही नाही.

घर खरंच जवळ होतं. चर्चच्या मागच्या गल्लीत, पुढे बसायचं बाल्कांव, आत लाल फरशी. तिने आईला आरामखुर्चीवर बसवलं, पायाखाली स्टूल दिलं, आणि वाटीत पेज आणून त्यात मीठ घातलं. आई म्हणाली, "तेल घातल्याबगर खावचंय नाय."

बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सायबीण तुका उपाशीं मरूंक सांगता? ती आवय न्हय गो?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी वाटी तिच्या हातात दिली. मग तिने वाटी तोंडाला लावली आणि एका दमात संपवली. दुसरी वाटी न विचारता आली.

एवढ्यात आतून बाईंचा नवरा आला. ताडमाड माणूस, बनियन आणि अर्धी विजार. तो तारवटी होता, म्हणजे बोटीवर नोकरीला, आणि फेस्त धरून लांब सुट्टीवर आला होता; पुढची बोट थेट नव्या वर्षात होती. बायकोने काय झालं ते सांगितलं. आईला घरात बसवून ठेवायला हवं, उन्हात लगेच पाठवायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. पण आईचं लक्ष दारातून दिसणाऱ्या चर्चच्या मनोऱ्याकडे. ते बघून तो म्हणाला, "मावशे, तुका इगर्ज्यो पळोवंक आवडटात? हांगा यो."

त्याच्या जेवणाच्या मेजावर काच होती आणि काचेखाली चित्रं मांडलेली. जगातल्या बंदरांतून आणलेली पोस्टकार्डं, आणि जवळजवळ सगळी चर्चांची. आई खुर्चीतून उठली ती तिथे जाऊन बसली. पुढचा तासभर ती आजारी होती हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

अँटवर्पचं कॅथेड्रल होतं, नदीतून बोट येताना शहर दिसायच्या आधी त्याचा मनोरा दिसतो, असं तो म्हणाला. लिस्बनचं होतं, ते आईला किल्ल्यासारखं वाटलं. बार्सिलोनाचं एक होतं, वारुळातून उगवल्यासारखे त्याचे मनोरे, मधे बांधकामाच्या क्रेन.

"हां मोडला काय?" आईने विचारलं.

"मोडूंक ना. बांदतात. शंबर वर्सां जालीं."

आई दचकली. "शंभर वर्सां? आणि पावसात कसां करतत?"

तारवटी मोठ्याने हसला. पण आईने ते गंमत म्हणून विचारलं नव्हतं. अर्धवट छप्पर आणि पाऊस म्हणजे काय, हे तिला चांगलं माहीत होतं.

सगळ्यात जास्त वेळ ती एका चित्रापाशी थांबली. मार्सेलिस बंदरावरच्या डोंगरावरचं चर्च, वर सोन्याची सायबीण, हातात बाळ. त्याच्याजवळ आतलंही एक चित्र होतं. छताला दोऱ्यांनी लहान लहान बोटी टांगलेल्या.

"हे कित्याक?" मी विचारलं.

तो सांगायच्या आधी आई म्हणाली, "नवसाची. दुसरां काय?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग खुर्ची ओढून बसला आणि सांगू लागला. वादळातून वाचलेले दर्यावर्दी तिथे बोटीची छोटी नक्कल आणून टांगतात. एकदा त्याची स्वतःची बोट दोन दिवस लाटांत सापडली होती. जेवणघरातली भांडी उडत होती, आणि त्याच्याबरोबरचा दाभोळचा मुसलमान खलाशी एका हाताने खांब धरून मोठमोठ्याने दुवा मागत होता. बंदराला लागल्यावर दोघं मिळून त्या डोंगरावर चढले. लहान बोट विकत घ्यायला वेळ नव्हता. मेणबत्त्या लावून आले.

"तोवय आयलो?" आईने विचारलं.

"आयलो मगो. तोच फुडें धांवतालो."

आईने समाधानाने मान हलवली. त्या खलाशाबद्दल ती नंतर वर्षानुवर्षं विचारायची. कसा आहे, मुलांची लग्नं झाली का.

ऊन उतरल्यावर बाईंनी स्वयंपाकघरातून खोबरेल तेलाची बाटली भरून आणली. आई घेईना. "तुझ्या तेलाचां पुण्य माका कसां लागतला?"

"अर्दें तुका, अर्दें म्हाका," बाई म्हणाल्या. "आता चल, ना तर परत रांग वाडटली."

आणि त्या दोघी एकच बाटली दोघींच्या हातात धरून सायबिणीपुढे उभ्या राहिल्या. मी बाजूला होते. आत मेणबत्त्यांचा आणि तेलाचा मिळून एक गोडसर वास भरला होता. आई काहीतरी पुटपुटत होती, बाईही पुटपुटत होत्या. तेल संपलं तरी दोघींनी बाटली तिरकी तशीच धरून ठेवली होती. शेवटी तिथल्या माणसाने सांगितलं, मागची माणसं खोळंबलीत.

त्या चवथीला ते दोघं कोरगावला आले. आईने बसमधून उतरल्यापासून बाईंचा हात सोडला नाही. गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी दाखवली, परसातली वेलावरची तवशी दाखवली, गावभर "माझी म्हापशेची भैण" म्हणून ओळख करून दिली. वडिलांचं आणि तारवट्याचं काय जमेल याची मला काळजी होती. वडील कमी बोलणारे, तो एकसारखा बोलणारा. पण जेवणानंतर दोघं डोंगरावर काजूची भट्टी बघायला गेले, ते तिन्हीसांजेला परतले. भट्टी त्या दिवसांत बंदच असते. तिथे एवढा वेळ काय बघितलं ते दोघांनीही सांगितलं नाही. वडील मात्र परतताना गुणगुणत होते.

निघताना तारवटी म्हणाला, "हिंवाळ्यांत पोरनें गोंय पळोवंक वचुंया. व्हडली सें कातेद्राल. मावशेक दाखोवंक जाय."

आईने वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "जाया."

मला खरंच वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

घटक राज्य झालेल्या त्या वर्षाच्या थंडीत आम्ही पाचही जण निघालो. मांडवीवरचा पूल कोसळल्यापासून बेतीहून फेरीबोटीने पणजीला जावं लागायचं. फेरीबोटीवर तारवटी कठड्याला टेकून उभा राहिला आणि वडिलांना प्रवाह कसा बघायचा ते समजावू लागला. वडील मान डोलवत होते आणि दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून होते.

जुन्या गोव्यात बसमधून उतरलो आणि आई उभीच राहिली. मोठं मैदान, हिरवळ, आणि पलीकडे ते एकाच मनोऱ्याचं कॅथेड्रल. दुसरा मनोरा फार पूर्वी पडला, ते बाईंनी सांगितलं. आई म्हणाली, "पडलो तरी बरां दिसता." तिने दाराबाहेर चपला काढल्या. बाई म्हणाल्या, गरज नाही, इथे कुणी काढत नाही. आई म्हणाली, "माझे पाय, माझी सवय." मग बाईंनीही सँडल काढली, तारवट्याने बूट काढले, वडिलांनी आणि मीही चपला काढल्या, आणि दाराशी पाच जोड्यांची रांग लागली. आत येणारे परदेशी पाहुणे ती रांग बघून गोंधळले, आणि त्यातल्या एका जोडप्याने आपलेही बूट तिथे काढून ठेवले.

आत गेल्यावर सगळ्यांच्या माना वर गेल्या. एवढी उंची मी घरात, शाळेत, देवळात कुठेच पाहिली नव्हती. पांढऱ्या कमानी वर वर जात होत्या, आणि अगदी टोकाला सोन्याची वेदी उजळली होती. वडील एका खांबापाशी गेले, हात फिरवला, आणि माझ्या कानात म्हणाले, "आत चिरो आसतलो. आमच्या घराक आसा तोच." खरं असावं, नंतर बाईंनीही तसंच सांगितलं. त्यानंतर ते प्रत्येक खांबाला हात लावत फिरत राहिले.

आई बाकावर बसली. बाई तिच्या शेजारी. दोघी समोर बघत होत्या. मी बराच वेळ इकडेतिकडे फिरून आले तरी त्या तशाच. मला वाटलं, काहीतरी मागत असेल. माझ्यासाठी, भावासाठी, काजूच्या पिकासाठी. मी वाकून विचारलं, "आये, काय मागलंय?"

"कायेक नाय गे," ती म्हणाली. "बघीत बसलंय."

तेवढ्यात मोठी घंटा वाजली. पहिल्या ठोक्याला बाक थरथरल्यासारखा वाटला. आईने हात जोडले आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत तसेच ठेवले. तिच्या तोंडावर इतका निवांतपणा मी क्वचित पाहिला होता. घरी ती सतत काहीतरी करत असायची.

दुपारी आम्ही बाहेर झाडाखाली जेवलो. आईने घावणे आणि गूळ-खोबरं आणलं होतं, बाईंनी सान्नां आणि काळ्या वाटाण्याची भाजी, आमच्यासाठी मुद्दाम शाकाहारी केलेली. वडिलांनी सान्न हातात घेऊन उलटसुलट बघितलं, "ही आमची इडलीच की," म्हणाले आणि चार खाल्ली. मग तारवटी गवतावर आडवा झाला आणि घोरायला लागला. वडील त्याच्या शेजारी टोपीने त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकत बसले.

नदीच्या बाजूला जरा चालत गेलो तेव्हा पलीकडच्या दिवाडी बेटावरचा डोंगर दिसला, आणि त्याच्या माथ्यावर आणखी एक पांढरं चर्च.

आईने कपाळावर हात धरून बघितलं. "तंय कशां जातत?"

"फेरीबोटीन," बाई म्हणाल्या. "लागींच आसा. पूण आज उशीर जालो."

आईने काही हट्ट केला नाही. पण परतीच्या बसमध्ये वडीलच मागे वळले आणि तारवट्याला विचारू लागले की दिवाडीला फेरीबोट किती वाजेपर्यंत असते. त्याची सुट्टी संपायच्या आत आम्ही तिथेही जाऊन आलो. डोंगर चढताना वडील सगळ्यांच्या पुढे होते.