खाडीतून बहिणीला आणताना

फुटाळा तलावाचं पाणी सकाळी जिथं असतं तिथंच संध्याकाळी असतं. आम्हा नागपूरकरांची पाण्याशी ओळख एवढीच. तेवढ्या भांडवलावर मी कोकणातल्या खाडीत शहाणपणा करायला गेलो.

बाबांना नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यात भरती केलं होतं. धाकट्या बहिणीनं कोकणातल्या मासेमाराशी लग्न केलं, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून बाबांनी तिचं नाव टाकलं होतं. मी कोणालाही न विचारता तिला आणायला निघालो. दारातच तिनं विचारलं, "बाबानं बलावलं का मले?"

"हो," मी म्हणालो. धडधडीत खोटं. पण बाबांच्या हृदयाच्या ऑपरेशनला तीन दिवस उरले होते आणि त्याआधी ती त्यांना दिसलीच पाहिजे, हे माझं ठरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठतो तर बंदरावर वादळाचा बावटा लागलेला. घाटात दरड आली होती, एसटी बंद होती, खाडीपलीकडे नेणारी फेरीबोटही बंद. संध्याकाळची रेल्वेगाडी चुकली तर सगळंच संपलं. बहिणीच्या नवऱ्याची, आमच्या जवाईबापूंची, स्वतःची लहानशी होडी होती. ते म्हणाले, "दादा, समुद्रात नाय जाता येणार. खाडीखाडीनं स्टेशनच्या बाजूला सोडतो. पण दुपारी. भरती येऊ दे."

तेव्हा नऊ वाजले होते. मी ऐकतो कसला! लवकर निघालं की लवकर पोचतो, हे आमचं गणित. एवढा तगादा लावला की ते बिचारे निघाले. बायकोच्या मोठ्या भावाला किती वेळा नाही म्हणणार?

अर्ध्या तासात होडी गाळात रुतली. पाणी आमच्या डोळ्यांदेखत मागे सरकत होतं. ढकलायला म्हणून मी उडी मारली आणि मांडीपर्यंत चिखलात गेलो. जवाईबापूंनी मला वर ओढलं, बहिणीच्या डोक्यावर ताडपत्री धरली आणि बसून राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन तास आम्ही तिथंच पावसात भिजत होतो.

त्या तीन तासांत बहिणीनं पुन्हा विचारलं, "दादा, खरं सांग. बाबानं बलावलं न मले?"

"हो म्हटलं न एकदा!" मी खेकसलो.

भरतीनं होडी उचलली तोवर वारा चांगलाच चढला होता. खाडी जिथं रुंद होते तिथं लाटा आत येऊ लागल्या. जवाईबापूंनी माझ्या हातात डबा दिला. "उपसा, दादा. थांबू नका." मला भीती वाटत होती. पण मी उपसत राहिलो. हात भरून आले, बोटं सोलली, तरी उपसत राहिलो. जवाईबापू प्रत्येक लाट बाजूवर न घेता होडीच्या नाकावर घेत होते. मनात म्हटलं, या माणसाला आम्ही सहा वर्षं नावं ठेवली.

गाडी सुटायला दहा मिनिटं असताना आम्ही दोघं भाऊबहीण चिखलानं माखलेले गाडीत चढलो.

धंतोलीला पोचलो ती ऑपरेशनची सकाळ. बाबांना हिरवे कपडे घातले होते. बहीण खाटेजवळ गेली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही बलावलं म्हणून आली मी."

खोटं उघडं पडणार आणि ती आल्या पावली परत जाणार, दुसरं काही सुचेना. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिचा हात धरला.

"बलावलं होतं," ते म्हणाले. "मंग यायले एवढा उशीर काहून लावला वं?"