टायरमधला काटा

काकांचं सायकलदुरुस्तीचं दुकान चालायचं ते त्यांच्या उजव्या हाताच्या एका बोटावर. ट्यूबला ठिगळ लावून झालं की ते डोळे मिटून टायरच्या आतून सावकाश बोट फिरवायचे. काटा राहिला असेल तर टोचणारच. "भोक कोणीही बुजवेल," ते म्हणायचे, "काटा सापडायला पाहिजे." आणि तो सापडायचाच.

म्हणून सकाळी पंक्चर काढून नेलेली सायकल पोस्टमन दुपारी ढकलत परत घेऊन आला, तेव्हा काकांना पटेचना. "काका, वय झालं की काय?" पोस्टमन हसला. काकांनी टायर उघडून पुन्हा बोट फिरवलं. "काही नाही रे बाबा आत."

डबा घेऊन आलेली बायको शेजारीच उभी होती. "अहो, बोटातून रक्त येतंय."

काका बोटाकडे बघत राहिले. रक्त दिसत होतं, पण टोचल्याचं काही कळलं नव्हतं. काटा शेवटी बायकोनेच चिमटीत धरून ओढला.

साखर वाढलीय हे कळून बरीच वर्षं झाली होती. गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या, नाहीतर नाही. "दुखत नाही, खुपत नाही, उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?" मध्यंतरी तळपाय जळायचे, मुंग्या यायच्या. मग तेही थांबलं. माणूस काय हो, दुखणं थांबलं की बरं झालं म्हणतो. काकांनीही तेच म्हटलं.

या वेळी बायकोने काही ऐकलं नाही. दवाखान्यात त्यांनी बूट काढला, तर आतून सायकलच्या बेअरिंगमधला एक छर्रा टणकन फरशीवर पडला. मोज्याला डाग होता आणि तळव्याला जखम. किती दिवस त्याच्यावर चालत होते, कोण जाणे. बायकोने तोंडाला पदर लावला. काकांना वाटलं, आपल्यालाही वाईट वाटायला हवं. पण तेही चटकन वाटेना.

"रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा निकामी होतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी पायाच्या, मग हाताच्या. दुखणं थांबलं ते बरं झालं म्हणून नव्हे काका, दुखतंय हे सांगणाऱ्या नसाच गेल्या म्हणून. ही जखम चिघळली तर पाय जाईल. आता रोज तळवे बघायचे."

"ते बघेल ही. मी बसून काम करतो. माझं बोट तेवढं सांगा."

"गेलेलं सहसा परत येत नाही. साखर आटोक्यात ठेवलीत तर उरलेलं टिकेल. किती उरलंय बघू." त्यांनी नायलॉनचा एक जाडसर धागा घेतला. "डोळे मिटा. हा बोटाला टेकवते. लागलं की हो म्हणा."

काकांनी हात पुढे केला आणि दुकानात मिटायचे तसेच डोळे मिटले. वाट बघितली. पंखा कुरकुरत होता. बायकोने खांद्यावर हात ठेवला, हे जरा नवलच होतं.

"करा की सुरू," काका म्हणाले.

"झालं, काका."