कॅन्टीनचा कोटा

फौजेत काय पाहिलं ते थोरला भाऊ कधी सांगायचा नाही, निवृत्त झाल्यापासून नुसता प्यायचा. धुळ्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने काढून तो सुधारून आला, तेव्हा गल्लीत पेढे मीच वाटले. पंधराच दिवसांनी माझ्या मुलीचा साखरपुडा होता. दोंडाईच्याच्या पाहुण्यांना मिलिटरी कॅन्टीनची बाटली हवी होती आणि मला त्यांच्यापुढे मिरवायचं होतं. मी निलाजरा, त्यालाच म्हणालो, "तुझा कोटा आणून दे."

तो धुळ्याला गेला, रांगेत उभा राहिला, चार बाटल्या घेऊन आला. पिशवी माझ्या हातात देत म्हणाला, "सील पाही ले, भाऊ."

मी पाहिलं. त्याच्यासमोरच, एकेक बाटली उजेडात धरून पाहिलं.